निरुपयोगी

गतवर्षी वादळात उन्मळून पडलेल्या आंब्याचे खोड सिल्वासा येथील आमच्या शाळेच्या कुंपणालगत वर्षभर पडून होते. यंदा आषाढात दप्तरी ‘निरुपयोगी’ असा शेरा मारून ते सरपणासाठी देऊन टाकण्याचे आम्ही ठरविले. शिपाई कुऱ्हाड घेऊन निघाला, तोच आठवीतला एक वारली विद्यार्थी म्हणाला, “सर, त्याच्यावर अळंबी आलीय!”

पाहतो तो नखाएवढे पांढुरके पंखे सालीवर ओळीने चिकटलेले. आम्ही भ्रमणध्वनीने छायाचित्र घेतले. त्यात वरची लव तेवढी दिसली. तेव्हा एका शिक्षिकेने पर्समधला लहान आरसा खाली धरला. एकही अळंबी न तोडता पोटाकडचे पापुद्रे दिसले; प्रत्येक पापुद्रा मधोमध उभा चिरलेला! त्या खुणेवरून ही शिझोफायलम कम्युन असावी. एलियास फ्रीस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८१५ साली दिलेले हे नाव. उन्हाने ती आक्रसते; पाऊस पडताच पुन्हा उमलते.

वाचकहो, अळंबी हे केवळ फळ होय. तिचा खरा देह लाकडाच्या आत सूक्ष्म तंतूंच्या रूपाने पसरलेला असतो. लाकूड पचविण्याचे सामर्थ्य फार थोड्या जीवांना लाभले आहे. हे तंतू ते फोडून मातीचे मातीला परत करतात. भीमाशंकरच्या रानात पावसाळ्यातील काही रात्री कुजकी लाकडे हिरवट उजळतात, तीही अशाच तंतूंची किमया.

“मणिपुरात हिला कांगलायेन म्हणतात आणि आवडीने खातात,” असे आम्ही विद्वत्तेने सांगितले. मुलाने मान हलविली. “आमची आजी वारुळावरची आणते. ओळखीची नसेल तिला हात लावत नाही.”

आम्ही निरुत्तर झालो. छायाचित्रात रूप उतरते. गंध उतरत नाही, बीजाणूंचा रंगही क्वचितच कळतो. विषारी अळंबी पुष्कळदा निर्विष अळंबीसारखीच दिसते. मणिपुरातील आजीला जी ओळख आहे, ती पिढ्यान्‌पिढ्यांची कमाई. छायाचित्र पाहून ती आपल्या पदरी पडत नाही. म्हणून टिपावी, न्याहाळावी; खाऊ मात्र नये. एम.ए.च्या अभ्यासक्रमात आम्हांस हा धडा नव्हता.

दप्तरातला तो शेरा आम्ही खोडला आहे. खोड जागेवरच आहे, आणि शिक्षिकेचा आरसा आता प्रयोगशाळेच्या कपाटात.