आधी आपली मिश्री सोडू

रविवारी विहारात पंचशील झालं की आम्ही कार्यकर्त्या दारूविरुद्ध बोलतो. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी नागपुरात दिलेल्या 22 प्रतिज्ञांत दारू न पिण्याचीही आहे, हे पुरुषांना ऐकवतो. परवा वस्तीतल्या एका आजींनी विचारलं, "पोरींनो, मग तुमच्या कमरेला मिश्रीची डबी कशी?" आम्ही गप्प झालो.

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यामुळे तोंडाचा कर्करोग होऊ शकतो, गरोदरपणी लावली तर बाळ कमी वजनाचं होऊ शकतं. हे सांगणाऱ्या आम्हीच! पाचवं शील काय फक्त नवऱ्यांसाठी आहे?

आम्ही डब्या फेकल्या. तलफ येते, तेव्हा बडीशेप चघळतो, एकमेकींना हाक मारतो. आधी आपलं तोंड स्वच्छ, मग भाषण. जय भीम!