दडवलेला सिलिंडर, वाढलेला धोका

रस्त्यावरच्या साध्या मोटारीत नायट्रस ऑक्साईडची यंत्रणा बसवणारे हौशी चालक ती सहसा दडवून ठेवतात. कारण उघड आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही; सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मात्र शिक्षेच्या धाकाने बदल थांबत नाही, तो फक्त नजरेआड होतो, आणि खरा धोका तिथेच वाढतो.

इंजिनाच्या उष्णतेत या वायूचे विघटन होऊन जादा ऑक्सिजन मिळतो, अधिक इंधन जळते आणि काही क्षण शक्ती वाढते. ब्रेक व टायर मात्र पूर्वीचेच राहतात. त्यातच या वायूचे क्रांतिक तापमान अवघे ३६.४ अंश सेल्सिअस आहे. मे महिन्यात उन्हात उभी असलेली बंद मोटार ही मर्यादा सहज ओलांडते आणि सिलिंडरमधील दाब झपाट्याने चढतो. सुरक्षा झडप उघडली तर वायू गाडीबाहेर जाण्याची वाट हवी. दडवलेल्या जोडणीत ती नसेल, तर भूल देण्यासाठी वापरला जाणारा हा वायू थेट चालकाच्या श्वासात जातो. अपघातानंतर मदतीला धावलेल्या अग्निशमन जवानालाही आत काय आहे याची कल्पना नसते.

सीएनजीचे उदाहरण येथे बोलके आहे. तो सिलिंडरही उच्च दाबाचाच. पण त्याची नोंद प्रमाणपत्रावर होते आणि दर तीन वर्षांनी दाबचाचणी होते. म्हणजे नोंद आणि तपासणी असेल, तर धोका आटोक्यात राहतो.

खासगी मोटारीची नोंदणी मात्र १५ वर्षे वैध असते. व्यावसायिक वाहनांना ठरावीक काळाने योग्यता चाचणी द्यावी लागते. खासगी मोटारीला या संपूर्ण काळात ती नाही. शिवाय दंडाचे हे कलम मालकापुरते आहे. यंत्रणा बसवून देणाऱ्या गॅरेजचा त्यात उल्लेख नाही. वाहतूक खात्याने निदान जुन्या मोटारीच्या हस्तांतरणावेळी प्रत्यक्ष तपासणी सक्तीची करावी. अन्यथा एकाने दडवलेल्या सिलिंडरचा धोका दुसऱ्याच्या कुटुंबाच्या वाट्याला येईल.