विश्लेषण : गाईच्या श्वासाचे माप अंदाजाने किती दिवस?

अंबड औद्योगिक वसाहतीत सल्फर हेक्झाफ्लोराइड, म्हणजेच ‘एसएफ-सिक्स’, हा वायू नवा नाही. सीजी पॉवरच्या इथल्या स्विचगिअर कारखान्यात बनणाऱ्या उच्चदाब सर्किट ब्रेकरमध्ये ठिणगी विझवण्यासाठी तो भरतात. गाय किंवा म्हैस दिवसभरात किती मिथेन सोडते, हे मोजायलाही हाच वायू वापरतात. वसाहतीपलीकडच्या गोठ्यांत हे फारसे कुणाला ठाऊक नसेल.

मिथेन येतो कुठून?

जनावराच्या कोटीपोटात चारा आंबतो, तेव्हा तिथले सूक्ष्मजीव तो तयार करतात. विनोद शेपटीकडच्या बाजूवर होतात, पण हा मिथेन बहुतांशी ढेकर आणि श्वासावाटे बाहेर पडतो. आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या गृहीतकानुसार खाल्लेल्या चाऱ्यातील साधारण ६.५ टक्के ऊर्जा अशी उडून जाते. हे पैसे शेतकऱ्याने पेंडीवर खर्च केलेले असतात.

मोजतात कसे?

सर्वांत नेमकी पद्धत रेस्पिरेशन चेंबरची. जनावराला दिवसभर बंदिस्त खोलीत ठेवून आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा तपासतात. किती ऑक्सिजन घेतला, किती कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन सोडला, सगळे कळते. मात्र खोली महाग, आणि कळपातून वेगळी काढलेली गाय नीट खातेच असे नाही. खाणे घटले की मिथेनही घटतो आणि आकडा चुकतो.

म्हणून १९९४ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी एसएफ-सिक्सचा मार्ग मांडला. ठरावीक वेगाने हा वायू झिरपवणारी धातूची छोटी नळी कोटीपोटात सोडतात. गळ्यातल्या निर्वात डब्यात २४ तास श्वासाचा नमुना जमतो. एसएफ-सिक्स किती सुटला हे आधीच माहीत असते, त्यामुळे नमुन्यातील दोन्ही वायूंचे प्रमाण ताडून मिथेनचा हिशेब लागतो. गाय आपल्या गोठ्यातच राहते, चरायलाही मोकळी. (एसएफ-सिक्स स्वतः कार्बन डायऑक्साइडच्या २३ हजार पटींहून अधिक तापमानवाढ करतो, पण नळीतून दिवसाला काही मिलिग्रॅमच सुटतो.)

मग अडचण काय?

जिथे मोजणी नाही तिथे आयपीसीसीचा तक्ता चालतो. २००६ च्या तक्त्यात भारतीय उपखंडातील दुभती गाय वर्षाला ५८ किलो मिथेन सोडते, पश्चिम युरोपातील ११७ किलो. वरवर पाहता आपली गाय स्वच्छ. पण तिचे दूध वर्षाला अवघे ९०० किलो धरले आहे, तिकडचे ६ हजार. म्हणजे किलोभर दुधामागे आपल्याकडे ६४ ग्रॅम मिथेन, तिकडे २० ग्रॅमच्या आत. सिन्नरच्या गोठ्यातील संकरित गाय रोज दहा लिटर जरी देत असली, तरी ९०० चा टप्पा तीन महिन्यांत गाठते. इगतपुरीच्या पावसात चरणारी डांगी गाय पूर्ण वेगळी. दोघींना एकच आकडा लावणे हा हिशेब नव्हे. २०१९ मध्ये तक्ता सुधारला, तरी तो तक्ताच.

डेन्मार्क २०३० पासून पशुधनाच्या उत्सर्जनावर कर लावणार आहे. भारताने २०२१ च्या जागतिक मिथेन करारावर सही केली नाही, आणि दोन-चार जनावरांवर घर चालवणाऱ्यांच्या देशाने ते योग्यच केले. पण उद्या याच शेतकऱ्याला कार्बन क्रेडिट विकायचे असेल, तर मिथेन घटल्याचे सिद्ध करावे लागेल. तक्त्यातल्या आकड्यावर ते कसे होणार? बेंगळूरुच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेच्या ‘हरित धारा’ या खाद्यपूरकाने मिथेन १७ ते २० टक्के घटतो, असे आयसीएआर सांगते. सिन्नरच्या मुरघासावर तो किती घटेल, हे इथेच मोजावे लागेल.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नाशिक येते, आणि ‘फुले त्रिवेणी’ ही संकरित गाय त्यांचीच. मोजणीचा कायमस्वरूपी कार्यक्रम तिथून सुरू व्हायला हवा. नळ्या, डबे, झडपा घडवणे अंबडच्या कारखान्यांना जड नाही. जड आहे तो नमुने तपासणारी यंत्रे आणि प्रशिक्षित माणसे वर्षानुवर्षे टिकवण्याचा खर्च. तो राज्य सरकारने उचलावा, दुधाच्या बिलातून कापू नये.