विश्लेषण : व्हेंटिलेटरवरील मुलांची घरची शुश्रूषा आणि विजेचा प्रश्न

'अम्फान' चक्रीवादळ 20 मे 2020 रोजी पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावर धडकले. कोलकात्यात हजारो झाडे उन्मळून पडली आणि अनेक भागांतील वीजपुरवठा काही दिवस खंडित राहिला. 23 मे रोजी राज्य सरकारने लष्कराला पाचारण केले. बालीगंज, टॉलीगंज आणि बेहाला या भागांत जवान झाडे हटविण्याच्या कामाला लागले. बहुतेकांसाठी ही गैरसोय होती. मात्र ज्या घरात मूल व्हेंटिलेटरच्या आधारे श्वास घेते, तिथे असा प्रत्येक तास जीवनमरणाचा ठरतो. यंत्रातील बॅटरी सहसा काही तासच पुरते.

स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी किंवा ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीसारख्या आजारांत श्वसनाचे स्नायू दुर्बल होत जातात. अशा मुलांची प्रकृती स्थिर झाल्यावर त्यांना महिनोन्‌महिने अतिदक्षता विभागात ठेवणे हिताचे नसते. संसर्गाचा धोका वाढतो, खर्च आवाक्याबाहेर जातो आणि मुलाचे बालपण हरवते. त्यामुळे घरी नेण्याचा मार्ग स्वीकारला जातो.

पण घर सुरक्षित कधी मानावे? अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने 2016 मध्ये श्वासनलिकेत नळी असलेल्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. मुलाजवळ सदैव जागी असलेली प्रशिक्षित व्यक्ती हवी आणि कुटुंबातील किमान दोघांना प्रशिक्षण मिळालेले असावे, असे त्यांत म्हटले आहे. पर्यायी व्हेंटिलेटर, बॅटरी, हाताने श्वास देण्याची पिशवी, कफ ओढणारे यंत्र आणि पल्स ऑक्सिमीटर हेही आवश्यक मानले आहे. नळी कफाने बंद झाल्यास काही मिनिटांत अनर्थ ओढवू शकतो. म्हणूनच रात्री जागणारा माणूस यंत्राइतकाच महत्त्वाचा ठरतो.

नेमक्या याच खर्चाला आपल्या व्यवस्थेत पुरेसे स्थान नाही. मार्च 2021 मध्ये राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण जाहीर झाले. 2022 मध्ये मदतीची मर्यादा 50 लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. कोलकात्याचे एसएसकेएम रुग्णालय या धोरणातील उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. तथापि, धोरणाचा भर निदान आणि उपचारांवर आहे. केंद्राची आयुष्मान भारत आणि पश्चिम बंगालने 2016 मध्ये आणलेली स्वास्थ्यसाथी या योजनांची रचनाही प्रामुख्याने रुग्णालयातील उपचार गृहीत धरून झाली. परिचारिकेचे वेतन आणि नळ्यांचा नित्य खर्च बहुतांशी पालकांवरच पडतो. रात्रपाळी बहुधा आईकडे येते.

अमेरिकेतही हाच पेच उभा राहिला होता. आयोवा राज्यातील केटी बेकेट ही मुलगी घरी राहिल्यास सरकारी मदत थांबणार होती, जरी घरचा खर्च रुग्णालयापेक्षा कमी होता. 1981 मध्ये अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी हा विषय जाहीरपणे मांडला आणि नियम बदलले. केटी 2012 पर्यंत जगली व अपंगांच्या हक्कांसाठी कार्यरत राहिली.

सर्वच उपाय खर्चिक नाहीत. ब्रिटनमध्ये विजेवरील वैद्यकीय उपकरणांवर अवलंबून असलेल्या ग्राहकांची नोंद वीज कंपन्या स्वतंत्रपणे ठेवतात. भारतातील महानगरांतही प्रत्येक वीज कंपनीने, महापालिकेने आणि रुग्णालयाने मिळून अशी यादी ठेवल्यास, वादळानंतर कोणत्या घरी आधी पोहोचावे हे ठरविणे सोपे होईल. मुलाला घरी पाठविताना पालकांचे प्रशिक्षण पूर्ण झाल्याची खात्री करणेही रुग्णालयाच्या हाती आहे. मूल घरी गेले म्हणून शासनाची जबाबदारी रुग्णालयाच्या दारात संपू नये.