सगळ्यात हळू सूर
वादकाच्या बोटांचा जोरही जपून ठेवणारा पियानो १९०४ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या वेल्टे कंपनीने आणला; अमेरिकेतला ड्युओ-आर्ट त्यानंतरचा. अशा ड्युओ-आर्टवर पियानोवादक पादेरेव्स्कींच्या वादनाचा, भोकं पाडलेल्या कागदाचा रोल लावला आणि सगळं एकाच जोरात वाजलं, की हात लगेच आवाजाच्या चढउताराच्या पेटीकडे जातो. तो आवरावा. हे वाद्य फुंकेवर नव्हे, ओढीवर चालतं. पंप हवा खेचतो आणि ओढ जितकी जास्त तितका हातोडा तारेवर जोरात बसतो. म्हणून आधी पंप, नळ्या, झडपा यांतली गळती शोधायची. एवढ्या वर्षांत भात्यांचं रबरी कापड ताठरतं, शिशाच्या नळ्यांत पांढरी भुकटी धरते. मग पेटी. तिच्यात सुरावटीला आणि साथीला चार-चार छोटे भाते असतात, ते एक, दोन, चार आणि आठ सोळांश इंच मिटतात. या चार मापांच्या बेरजांतून शून्य धरून आवाजाच्या सोळा पायऱ्या निघतात. किती देखणं गणित! दर एक सोडून एक पायरी हुकत असेल, तर सर्वांत लहान भाता तपासावा: कापड फाटलेलं असेल, नाहीतर रोलच्या कागदाची धूळ नळीत अडकलेली. सर्वांत जपायची ती शून्याची पायरी. तिथे प्रत्येक सूर जेमतेम, पण नक्की बोलला पाहिजे. चारदोन सूर मुके राहतात म्हणून पेटीची स्प्रिंग ताणून ओढ वाढवणारे कारागीर पाहिले की जीव तुटतो. त्या सुरांच्या झडपा साफ करायला एक दुपार पुरते.