हायड्रोजन पंप महाग, रिकामा पंप त्याहून महाग

राज्याच्या २०२३ च्या हरित हायड्रोजन धोरणात पहिल्या २० हायड्रोजन पंपांना भांडवली खर्चाच्या ३० टक्के, कमाल साडेचार कोटी रुपये अनुदान ठेवले आहे. हिशेब उलटा मांडला तर एका पंपाचा खर्च १५ कोटींच्या घरात जातो.

या खर्चाचे मूळ वायूच्या स्वभावात आहे. हायड्रोजन अतिशय हलका असल्याने तो ३५० ते ७०० बार दाबाने भरावा लागतो. त्यासाठी खास कॉम्प्रेसर, मजबूत टाक्या आणि गळती ओळखणारी यंत्रणा हवी. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन बनवायलाच ५० युनिटांच्या आसपास वीज लागते. दाबाची वीज वेगळी.

खरी मेख मात्र ग्राहकसंख्येत आहे. १५ कोटी दहा वर्षांत वसूल करायचे तर व्याज सोडूनही रोज सुमारे ४१ हजार रुपये निघायला हवेत. रोज ५०० किलो विक्री झाली तर किलोमागे ८२ रुपयांचा भार. १०० किलोच झाली तर ४१० रुपयांचा. केंद्र सरकारने मार्च २०२५ मध्ये २०८ कोटींचे साहाय्य दिलेल्या प्रायोगिक प्रकल्पांत पंप ९ आणि वाहने ३७, म्हणजे पंपामागे जेमतेम चार. कॅलिफोर्नियात शेल कंपनीने २०२४ मध्ये मोटारींसाठीचे आपले पंप बंदच केले.

प्रायोगिक मार्गांत पुणे-मुंबई आहे; भंडारा-साकोलीवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ नाही. आसगाव-पवनीचा धान-तांदूळ तूर्त डिझेलवरच जाणार. पुढे इथे पंप आणायचा, तर अनुदान केवळ उभारणीवर थांबून चालणार नाही. ठरलेल्या मार्गावर रोज इंधन घेणाऱ्या एसटी किंवा मालट्रकच्या ताफ्याशी ते जोडावे लागेल.