मोडीचें वळण

आधीं ओळभर रेघ ओढावी आणि मग बोरू शक्यतों न उचलतां अक्षरें लिहीत जावें, ही मोडीची रीत. तिची शोभा या धांवेंतच आहे. मिशनरी विल्यम कॅरी यांनीं १८१० सालीं बंगालमधील श्रीरामपुरास आपल्या कोशांतील मराठी शब्द मोडी खिळ्यांनीं छापिले. २०१४ पासून युनिकोडमुळें ती संगणकावरही आली. परंतु हीं सुटीं, एकसारखीं अक्षरें ओळखलीं म्हणजे मोडी आली, असें विद्यार्थीबंधूंनीं समजूं नये. आपल्याच शहरांतील पेशवे दप्तरांत कारकुनांच्या घाईनें अक्षरांत अक्षर गुंतलें आहे, शब्दही तोडून लिहिले आहेत. शनिवारवाड्याचा अभिमान मिरवावा आणि तेथील कागद वाचतां येऊं नये, हें आम्हां पुणेकरांस शोभत नाहीं. यंदाच्या सुटींत जुन्या पत्राची नक्कल समोर ठेवून कित्ता गिरवावा. बोरू न मिळाल्यास शाईची साधी लेखणी पुरे.